सुरीवरचा शब्द

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ भरमाण्णा यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. कुणी काही विचारलं की आधी 'व्हय' म्हणायचं आणि मग काय विचारलं ते समजून घ्यायचं, अशी त्यांची रीत. निपाणीहून बोरगावकडे जाताना मध्ये आमचं गाव लागतं. तिथं आण्णांचं तंबाखूचं शेत होतं, आणि हंगामात ते निपाणीच्या वखारीतही कामाला जायचे. कुणाची गाडी चिखलात रुतली की खांदा लावायला हे पुढं. लग्नात पंगत वाढायला पुढं, मयताची लाकडं फोडायलाही पुढं. भांडण दिसलं की मात्र टॉवेल खांद्यावर टाकून पलीकडच्या गल्लीनं घरी येत. गाव त्यांना चांगला माणूस म्हणायचं. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते.

चैत्रात आमच्याकडं मरगुबाईची जत्रा असते. पहिलं बकरं गावाचं, त्यानंतर ज्याच्या त्याच्या नवसाची. सरकारची बंदी आल्यापासून देवळापुढं कापणं थांबलं आणि ते देवळामागं, ओढ्याच्या अंगाला, चिंचेखाली होऊ लागलं. बंदी आली ती जागेला आली, बकऱ्याला नाही, असा गावानं तिचा सोयीचा अर्थ लावला होता. आणि बकरं कापायचं ते मुलाण्यानं. बेळगावच्या ज्या शाळेत मी शिकवत होते तिथं हे सांगितलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मोठे केले. "अहो, देवीच्या बकऱ्याला मुसलमान?" त्यात नवल काय ते मला कळेना. आमच्याकडं मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली नाही, तर ते मटण जुन्या माणसांच्या घशाखाली उतरतच नसे. त्याला ते 'मुरदाड' म्हणत. आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई बायाक्का, ती तर वाटा घेताना दर वर्षी विचारायची, "सुरी फिरलीया न्हवं रं?" फिरली म्हटलं की मगच भांडं पुढं करायची. देवी आमची, शब्द त्यांचा आणि रस्सा सगळ्यांचा. कुणी बसून ठरवलेलं नव्हतं हे, आणि म्हणूनच बहुतेक ते इतकं टिकलं.

मुलाणी म्हणजे आप्पालाल. आण्णांच्या बरोबरीचा, अंगानं उंच, तोंडानं फटकळ. बाजाराच्या दिवशी पंचायतीच्या जागेत तो मटणाचं दुकान मांडायचा. गिऱ्हाईक हाड जास्त आलं म्हणून कुरकुरलं, तर म्हणायचा, "बकऱ्याला हाडं मी घातली व्हय?" जत्रेला सुरी त्याची, आणि बकऱ्याचे पाय धरायचा मान आमच्या घराचा. आजोबांच्या मागं तो आण्णांकडं आला. त्यामुळं वर्षानुवर्षं ही दोन माणसं एका बकऱ्याच्या दोन टोकांना बसत आली. आण्णा पाय धरायचे, आप्पालाल मान वळवायचा, पुटपुटल्यासारखा तो शब्द म्हणायचा आणि हात फिरवायचा. जनावर तडफडायला लागलं की आण्णा तोंड फिरवायचे. "बघ की रं इकडं, तुझाच मान हाय," म्हणून आप्पालाल त्यांना चिडवायचा. मग दोघं ओढ्यावर हात धुवायचे आणि एका काडीवर दोन विड्या पेटवायचे.

सीमेच्या मोर्चांना आप्पालाल आण्णांच्याही पुढं असायचा. आण्णा मागच्या रांगेतून घोषणा द्यायचे, त्यासुद्धा बेतानं. 'मराठी आमच्या बापाची' असं आप्पालाल ओरडायचा तेव्हा त्याचा बाप कोण, असं कुणी विचारलं नव्हतं. ते विचारायचे दिवस ऐंशीनंतर आले.

आमच्याच गावचा सुबराव निपाणीत नोकरीला होता. शिकलेला, बोलायला गोड, घरची शेती. त्यानं गावात तरुण मंडळ काढलं आणि मरगुबाईचा जीर्णोद्धार मनावर घेतला. देऊळ चांगलं झालं, ते कबूल करायलाच पाहिजे. फरशी आली, कर्णा आला, पावसात न गळणारं छत आलं. त्यांच्या पाठोपाठ बाहेरगावचे वक्तेही यायला लागले आणि आपण कोण आहोत ते आम्हाला सांगायला लागले. इतकी वर्षं आम्हाला ते ठाऊकच नव्हतं जणू! एका वक्त्यानं चिंचेखालची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. देवीचा एवढा मोठा अपमान गाव डोळ्यांदेखत करतंय, असं म्हणाला. देवीला अपमान वाटतो का, हे तिला विचारायला कुणी गेलं नाही.

पलीकडंही तेच. मुलाण्याच्या वाड्यात चार-पाच घरं. त्यांच्याकडं बाहेरून धर्म सांगणारी माणसं येऊ लागली. त्यांनी आप्पालालला बसवून घेतलं आणि सांगितलं, मूर्तीच्या नावानं सोडलेलं बकरं कापणं हराम आहे, तू जायचं नाहीस. आप्पालालनं ही हकीकत आमच्याच सोप्यात बसून आण्णांना सांगितली. मी सुटीला आले होते, चहा मीच दिला. तो म्हणाला, "मी म्हन्लं, नाव मी अल्लाचं घेतो, बकरं खातंय गाव. माझा बा जात हुता, त्येचा बा जात हुता. मी जानार." त्याच्या मेहुण्यानं त्यापायी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "टाकू दे," आप्पालाल म्हणाला, "गाव हाय माझ्या मागं." आण्णा म्हणाले, "व्हय की."

त्या जत्रेच्या आधी सुबराव मंडळाच्या पोरांना घेऊन आमच्याकडं आला. आण्णांच्या पाया पडला. "आण्णा, औंदा देवीचं बकरं तुमीच कापायचं. पाय धरायचा मान तुमचाच हाय, आता सुरीचाबी तुमचाच. मुलान्याला सांगायचं काम आमचं." आण्णांनी टॉवेल काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला. तानीकाकू, म्हणजे आण्णांची बायको, दारातून डोळे वटारत होती. आण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही आणि म्हणाले, "व्हय."

रागानं म्हणते, पण खरं तेच म्हणते. आण्णा त्या दिवशी नुसते घाबरले नव्हते, त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. सगळा जन्म ज्यांनी दुसऱ्याच्या गाडीला खांदा लावला, त्यांच्या पाया पडायला मंडळाची पोरं आली होती. आप्पालालकडं जाऊन हे आपल्या तोंडानं सांगावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. त्याला बाजारात दुसऱ्या कुणाकडून कळलं.

जत्रेदिवशी चिंचेखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. आम्ही बायका देवळाच्या मागच्या कट्ट्यावर उभ्या. आप्पालाल आला होता, पण ओढ्याच्या पलीकडं, हात मागं बांधून. पाय धरायला मंडळातली दोन पोरं बसली होती, त्यांना धड धरताही येत नव्हतं. बेळगावहून आणलेली नवी सुरी सुबरावनं आण्णांच्या हातात दिली. कुणीतरी कर्ण्यावरून देवीचा जयजयकार केला. आण्णांनी बकऱ्याची मान वळवली, अगदी आप्पालाल वळवायचा तशी. सुरी टेकवली आणि थांबले.

लोक वाट बघत होते. बकरं ओरडत होतं. आण्णांचा हात काही हलेना. जन्मभर त्यांनी हे काम बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी हात चालायच्या आधी कानावर काहीतरी पडलं होतं. ते पडल्याशिवाय हात कसा चालवायचा, ते त्यांना माहीतच नव्हतं. आणि मग, भरल्या गर्दीत, मरगुबाईच्या पाठीमागं, कपाळाला भंडारा लावलेल्या आमच्या भरमाण्णांनी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बिस्मिल्ला अल्लाहू अकबर." आणि सुरी फिरवली.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बायाक्का माझ्या शेजारी उभी होती, ती मोठ्यानं म्हणाली, "झालं बाई, खायाजोगं झालं." सुबरावचा चेहरा पांढरा पडला होता. आण्णा सुरी हातात धरून तसेच उभे. आपण काय म्हणालो ते त्यांना इतरांच्या तोंडाकडं बघून कळलं असावं. मी ओढ्यापलीकडं बघितलं. आप्पालाल हसत नव्हता. तो खाली मान घालून घराकडं निघाला होता.

बकरं मात्र कुणी टाकून दिलं नाही. वाटे पडले, घरोघरी गेले, सुबरावच्या घरीही गेले. त्या दिवशी सगळ्या गावात रस्सा शिजला आणि सगळ्यांनी तो ओरपून खाल्ला. धर्म बुडाल्याची बातमी लोकांना दुसऱ्या दिवशी सकाळी, ढेकर देऊन झाल्यावर लागली.

सकाळी देवळाच्या नव्या फरशीवर बैठक बसली. आण्णांना बोलावलं, आप्पालाललाही बोलावलं. बायका खांबांच्या मागं, त्यात मी आणि तानीकाकू. सुबराव आता गोड बोलत नव्हता. "आण्णा, देवीच्या म्होरं तुमच्या तोंडात ह्यो शब्द आला कुठनं? तुमाला कुनी तरी शिकवून पाठवलं असनार. मुद्दाम, देवीला बाटवायला." आणि त्यानं आप्पालालकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

बोलायचं होतं ते एवढंच, की कुणी शिकवून पाठवलं नाही, ऐकून ऐकून तोंडात बसलंय, चुकून निघालं. एक वाक्य. ऐकून घेणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या तोंडात तोच शब्द बसलेला होता. फार तर लोकांनी आण्णांची चेष्टा केली असती, देवीपुढं नारळ फोडायला लावला असता, सुरीचा मान काढून घेतला असता. आण्णांनी टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि फरशीकडं बघत बसले. तानीकाकूनं माझा दंड इतका आवळला की मला कळ आली. "बोला की वो," ती खांबामागून पुटपुटत होती, "बोला की."

आण्णा गप्पच. सुबरावनं पुन्हा विचारलं. आण्णांचे हात टॉवेलाचं टोक पिळायला लागले. ते मला लांबून दिसत होते, म्हणजे शेजारी बसलेल्या आप्पालालला दिसत असणारच.

आप्पालाल उठून उभा राहिला. म्हणाला, "त्येला कशाला इचारतासा? माझ्याकडनं शिकलाय त्यो. काय बोलायचं ते मला बोला."

मग बोलले. काय बोलले ते मी लिहीत नाही, माझी लेखणी त्यासाठी नाही. माझ्या लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारी माणसं होती त्यांत. कुणी त्याला हात लावला नाही, हे आमचं गाव अजून अभिमानानं सांगतं. पंचायतीच्या जागेतलं दुकान उठवायचं ठरलं आणि त्याच्याकडून कुणी मटण घ्यायचं नाही, असंही ठरलं. आप्पालाल सगळं ऐकून घेऊन खाली उतरला. जाताना त्यानं एकदा आण्णांकडं बघितलं. आण्णा अजून फरशीकडंच बघत होते.

घरी आल्यावर तानीकाकूनं चुलीपुढं बसून एवढंच म्हटलं, "त्येनं तुमची अब्रू झाकली, आनि तुमी झाकून घेतलीसा." त्यानंतर पुष्कळ दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

आप्पालालच्या वाड्यातही त्याला थारा मिळाला नाही. आम्ही सांगत होतो, जाऊ नकोस, असं त्याच्याच माणसांनी त्याला ऐकवलं. हिंदूच्या तोंडी अल्लाचं नाव देऊन त्याची थट्टा करवलीस, हा ठपका वर. दोन्हीकडच्या शहाण्यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात बघितलं ते या एकाच बाबतीत. पावसाळ्याच्या आत तो बायकापोरांना घेऊन निपाणीला निघून गेला.

आण्णांनी मटण सोडलं. त्यांना ते ताटात बघवेना, वास आला की उठून बाहेर जायचे. पण गावाला कारण काय सांगणार? गावानं आपलं आपणच कारण काढलं. भरमाण्णांना देवीनं दृष्टान्त दिला, त्यांनी मांस वर्ज्य केलं. भजनात त्यांना पुढं बसवायला लागले. नव्या सुना पाया पडायला यायच्या. सुबरावनं तर सत्कार ठेवला, झालं गेलं विसरून! आणि आण्णांनी फेटा बांधून घेतला, नारळ घेतला. मी त्या सत्काराला होते. आमच्या घरातल्या माणसाचं नाव कर्ण्यावरून घेतलं जात होतं आणि जमीन दुभंगून आत जावं असं मला वाटत होतं. भ्यायलेल्या माणसाला धर्मानं एवढा मोठा पाट मांडून दिलेला मी तोवर बघितला नव्हता.

बऱ्याच वर्षांनंतर एका सुटीत आण्णा मला म्हणाले, "बाई, निपानीला जाऊन येऊया. आप्पालालला भेटायचं हाय." मला इतका आनंद झाला की मी लगेच पायात चपला घातल्या. बसमध्ये खिडकीशी बसून ते बराच वेळ टॉवेलाचं टोक पिळत होते. निपाणी जवळ आल्यावर म्हणाले, "तू मास्तरीन हायस. तुला बोलाय येतंय. माझ्या वतीनं तूच बोल, मी शेजारी बसतो." त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं बघून मला वाईटही वाटलं आणि चीडही आली. मी म्हटलं, "नाही आण्णा. तुम्ही बोलायचं." आमच्या घराण्यात त्यांना नाही म्हणणारी बहुतेक मीच पहिली.

आप्पालाल एका गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होता. दुसऱ्याच्या दुकानात कापायला जायचा. त्याची बायको दारात विड्या वळत बसली होती. तिनं आम्हाला ओळखलं, सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन चहा ठेवला. आप्पालाल वाळला होता, पण आवाज तोच. "ये भरमा. लई दिसानं वाट चुकलास." पीकपाण्याचं विचारलं, तानीकाकूचं विचारलं, बायाक्का अजून आहे का ते विचारलं. गेली म्हटल्यावर म्हणाला, "मग आता सुरीचं कोन इचारतंय?"

चहा पिऊन झाला. मी मुद्दाम दाराबाहेर बघत बसले. शेवटी आण्णांच्या तोंडून शब्द फुटला. "आप्पालाल, माझ्यापायी तू त्या दिशी बैठकीत खोटं बोललास. ते मला लई लागून ऱ्हायलंय."

इतकी वर्षं जुळवून आणलेलं वाक्य होतं ते. त्यातही त्यांनी खोटं आप्पालालच्याच पदरात घातलं होतं. माझ्या ते ध्यानात आलं आणि माझी मान खाली गेली.

आप्पालाल रागावला नाही. रिकामी कपबशी त्यानं आण्णांच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"मी कुठं खोटं बोललो रं?" तो म्हणाला. "तू माझ्याकडनंच शिकलास की. एवढी वर्सं माझ्या म्होरं बसून शिकलास. मी खरंच बोललो, भरमा. गप तू बसलास."